वाडा कोणाचा? जुन्या वस्तीतील नव्या मोठ्या घरांविषयी

मराठीत ‘वाडा’ या शब्दाचे दोन अर्थ फार काळ शेजारी शेजारी नांदत आले आहेत. पुणे, इंदूर, बडोदे किंवा ग्वाल्हेर येथील वाचकाला ‘वाडा’ म्हटले की दिंडीदरवाजा, चौक, सोपे, माडी आणि तुळशीवृंदावन यांनी युक्त असे एखाद्या घराण्याचे मोठे घर आठवते. गोमंतकातील वाचकाला मात्र त्या शब्दाने एक घर आठवत नाही. त्याला आठवते ती पाच-पन्नास घरांची वस्ती, तिची विहीर, तिचा मांड आणि तिच्या देवाची पालखी जाण्याची वाट. कोकणीत तिलाच ‘वाडो’ म्हणतात. देशावरचा वाडा एका कुळाचा असतो, गोव्यातला वाडा अनेक कुळांचा असतो. प्रस्तुत लेखात आम्हांला जो विषय मांडावयाचा आहे तो या दोन अर्थांच्या सांध्यावरच उभा आहे. पहिल्या अर्थाचा वाडा दुसऱ्या अर्थाच्या वाड्यात येऊन उभा राहिला म्हणजे काय होते, हा तो विषय होय.

गेल्या काही वर्षांत बारदेश आणि तिसवाडी या महालांतील गावांत, आणि आता आमच्या देवस्थानांच्या अंत्रुज महालातही, जुन्या कौलारू वस्तीच्या मध्यभागी प्रशस्त नवे बंगले उभे राहू लागले आहेत. त्यांच्याविषयी वाड्यावाड्यांतून जे बोलले जाते त्याचा सूर बहुधा एकच असतो: असे पूर्वी कधी झाले नव्हते. हे म्हणणे भावनेच्या दृष्टीने समजण्यासारखे असले तरी इतिहासाच्या दृष्टीने खरे नाही. गोव्याचा इतिहास हा पुष्कळ अंशी जुन्या वस्तीत नवे मोठे घर येण्याचाच इतिहास आहे. तेव्हा खरा प्रश्न हा की, पूर्वी आलेली मोठी घरे वस्तीची कशी झाली, आणि आज येणारी तशी होतील किंवा नाही. याचे उत्तर शोधावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

देवाचे घरही एकदा नवेच होते

सर्वांत आधी आमच्या देवळांचाच विचार करू. पोर्तुगिजांनी १५१० साली तिसवाडी जिंकली, आणि १५४३ पर्यंत बारदेश व सासष्टी हे महालही त्यांच्या हाती गेले. तिसवाडीतील देवळे १५४० साली पाडण्यात आली; सासष्टीवर तोच प्रसंग १५६० च्या दशकात ओढवला. तेव्हा भक्तांनी आपले देव उचलले आणि झुआरी नदीपलीकडे, आदिलशाहीच्या अमलाखालील अंत्रुजात नेले. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली प्रियोळास आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ आणि कोलव्याची महालक्ष्मी बांदोड्यास आली. ज्या नावांनी आज आम्ही आमची कुळे सांगतो ती सारी देवस्थाने आपापल्या ठिकाणी अशा रीतीने नवी होती. प्रियोळ, कवळे, बांदोडे ही गावे मात्र जुनीच होती. तेथे शेती होती, वस्ती होती, ग्रामदेवता होत्या. तेथील वाड्यांच्या दृष्टीने पाहिले तर नदीपलीकडून आलेला देव हा पाहुणा होता.

आरंभी हा पाहुणा साध्या आश्रयाने राहिला. वैभव पुढे आले. कवळ्याचे सध्याचे देऊळ १७३८ च्या सुमारास उभे राहिले, आणि त्यास छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारातील नारो राम मंत्री यांचे साहाय्य झाले. वेंगुर्ल्याजवळील कोचरे हे त्यांचे मूळ गाव. मंगेशीच्या देवस्थानास १७३९ साली पेशवाईकडून मंगेशी गाव इनाम मिळाला, तो रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या प्रयत्नामुळे. म्हणजे बाहेरून आलेल्या देवाचे घर बाहेरून आलेल्या द्रव्याने मोठे झाले. आज ज्या गोष्टीबद्दल तक्रार केली जाते तिची ही दोन्ही लक्षणे येथे हजर आहेत. मग ही घरे परकी का वाटली नाहीत?

याचे उत्तर देवळाच्या प्राकारातच मिळते. मंगेशीच्या परिवारदेवतांत मूळकेश्वराचे स्थान आहे, सांतेरीचे आहे. सांतेरी ही वारुळाच्या रूपाने पुजली जाणारी या भूमीची माता. नव्याने आलेल्या थोर देवाने तिला आपल्या आवारात मानाने बसविले. गोव्यातील कितीतरी देवळांत ग्रामपुरुषाचे किंवा मूळपुरुषाचे लहानसे देवालय असते; वर्षाच्या ठरलेल्या दिवशी आधी त्याचा मान आणि मग बाकीचे विधी. मोठ्या घराने जुन्या रहिवाशाचा हक्क मान्य करण्याची ही रीत होय. तिच्या जोडीला देवळाभोवती अग्रशाळा आल्या, तळी आली, दीपस्तंभ आले. दिवा लावणारा, वाजविणारा, फुले आणणारा, पालखी वाहणारा अशा प्रत्येकास काम आणि कामाबरोबर मान मिळाला. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे अवश्य आहे. हा मान सर्वांना सारखा नव्हता. पायरीबाहेरचा मान हा कित्येकांच्या वाट्याला आलेला मान होता, आणि त्याचे समर्थन आज कोणी विचारी मनुष्य करणार नाही. परंतु देवाचे घर आणि गाव यांचा व्यवहार एकमेकांत गुंतला, आणि त्यामुळे दोन शतकांत तो पाहुणा यजमान झाला, हे ऐतिहासिक सत्य त्यामुळे बदलत नाही.

राजधानीचे स्थलांतर

दुसरे उदाहरण राजधानीचे. जुने गोवे, ज्याला पूर्वी एळा म्हणत, ते आदिलशाही बंदर पोर्तुगिजांनी घेतले आणि तेथे मोठमोठे वाडे व चर्चे उठविली. सतराव्या शतकात रोगांच्या साथींनी शहर पोखरले. विजरई १६९५ साली पणेलीस राहावयास गेला, आणि १७५९ साली पणजीस आला. पणजी १८४३ साली विधिपूर्वक राजधानी झाली. जुन्या गोव्यातील ओस घरांचे दगड या नव्या शहराच्या बांधकामांस उपयोगी पडले. ज्या राजवाड्यात आधी आदिलशहा आणि नंतर दीडशे वर्षांच्या आसपास विजरई राहिले, त्याचे आज केवळ एक द्वार उरले आहे. ते सांत काजेतानच्या चर्चजवळ पाहावयास मिळते. मोठी घरे दगडाची असतात म्हणून ती टिकतात असे ज्यांना वाटत असेल त्यांनी ते द्वार एकदा पाहावे.

आणि ही पणजी तरी काय होती? ताळगाव या जुन्या गावाचा तो एक वाडा. ताळगावचे गावकर तिसवाडीत मानाचे. भाताची पहिली कापणी करण्याचा अग्रमान त्यांचा. १५२६ साली गावकरीच्या चालीरीती लिहून काढलेल्या सनदेतही हा मान नोंदलेला आहे आणि ऑगस्टमधील नव्याच्या सणात तो आजही पाळला जातो. अशा गावाच्या नदीकाठच्या वाड्यात, माड आणि दलदल यांच्यामध्ये, विजरईचे बिऱ्हाड आले. आदिलशहाचा जुना किल्लेवजा राजवाडा दुरुस्त करून त्यात राज्यकारभार चालू झाला. १८२७ नंतरच्या आठ वर्षांत दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रू या विजरईने सखल जमीन भरून रस्ते आखले. ताळगावच्या एका वाड्याचे शहर झाले ते असे.

या नव्या शहरातील एका घराकडे आम्ही वाचकांचे लक्ष विशेष वेधू इच्छितो. जुन्या राजवाड्याच्या अगदी लगत म्हामाय कामत घराण्याचे विस्तीर्ण घर आहे. हे घराणे व्यापारी व सरकारी दलालीच्या व्यवहारात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पुढे आलेले. फ्रेंच व्यापाऱ्यांशीही त्याचा व्यवहार होता. त्या घरातील पोर्तुगीज, फ्रेंच आणि मोडी मराठी कागदपत्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे, आणि अभ्यासक तो आजही चाळतात. राजवाड्याच्या शेजारी एका हिंदू व्यापाऱ्याने एवढे घर बांधावे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. जुन्या काबिजातीत देऊळ बांधण्यास तेव्हा मोकळीक नव्हती. पणजीत महालक्ष्मीचे देऊळ उभारण्याची परवानगी मिळाली ती १८१८ च्या सुमारास. म्हणजे ज्या काळी देवाला उघड घर नव्हते त्या काळी सण, व्रत, कथा आणि पंगत यांना आसरा होता तो घरांचाच. मोठ्या घराचे राजांगण हेच वस्तीचे सभागृह.

मडगावातही हेच दिसते. तेथील दामोदराचे देऊळ जाऊन त्या जागी पवित्र आत्म्याचे चर्च झाले, ते १५६५ च्या सुमारास. आजची इमारत १६७५ ची. दामोदर जांबावलीस गेला. चर्चच्या भोवतालच्या प्रशस्त चौकाला लागून पुढे नव्या श्रीमंतांची घरे उठली. जवळच बोर्ड्याला विजरईच्या चिटणिसाने १७९० च्या सुमारास सात कोनी छपरांचे घर बांधले; ‘सात बुर्जांचे घर’ म्हणून ते प्रसिद्ध आहे, आणि आता त्या सातांपैकी तीनच उरली आहेत. पण देऊळ गेले म्हणून मडगावच्या हिंदू वाड्याचे नाते तुटले नाही. कोंब भागात नायक घराण्याच्या घरी दामोदराची साल राहिली. १८९२ साली गोव्यास आलेल्या स्वामी विवेकानंदांचा मुक्कामही त्याच घरी होता. आणि दर वर्षी गुलालाच्या उत्सवाला मडगावचे महाजन जांबावलीस जाऊन राहतात ही चाल आजतागायत चालू आहे. ज्यांचा देव स्थलांतरित झाला, ज्यांच्या वस्तीचा चेहरा पार बदलला, त्यांनी वाडा जपला तो चिऱ्यांत जपला नाही. तो येण्याजाण्यात जपला.

थोरले घर म्हणजे काय

कोकणीत मूळ घराला ‘व्हडलें घर’ म्हणतात. ‘व्हडलें’ याचा अर्थ आकाराने मोठे असाही होतो आणि वयाने थोर असाही होतो. मराठीतील ‘थोरले’ या शब्दातही तोच भाव आहे. आमच्या जुन्या लोकांनी घराची थोरवी हातांनी मोजली नाही, नात्यांनी मोजली, असे यावरून म्हणता येईल.

त्या घरांची रचनाही तशीच होती. गोव्यातील जुने हिंदू घर बाहेरून पाहिले तर फारसे दिपविणारे नसे. भिंती चिऱ्याच्या, गिलावा चुन्याचा, बाहेरच्या खिडक्या लहान, त्यांतील कित्येकींना काचेऐवजी शिंपल्यांची पाखे. मंगळुरी कौल आले ते १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढल्यानंतर. तोपर्यंत नळीची कौले किंवा झावळ्या. सारे वैभव आत, राजांगणात. मधोमध वृंदावन, चारी बाजूंस वसरी, एका अंगास देवघर, मागे स्वयंपाकघर आणि विहीर. किरिस्ताव बांधवांच्या घरांनी बाल्कांव आणि मोठ्या खिडक्या यांच्या द्वारे रस्त्याशी बोलण्याची रीत स्वीकारली. आमच्या घरांनी अंगणाशी बोलण्याची. पण दोहोंतही एक गोष्ट समान होती. परक्याला बसावयास उंबरठ्याच्या अलीकडे जागा होती. बाल्कांवातील बाके आणि वसरीवरील सोपा ही दोन्ही मालकाने वस्तीला दिलेली आसने होत.

चतुर्थीला घराण्याच्या सर्व शाखा या थोरल्या घरी जमत. पालखी वाटेने आली की ठरलेल्या उंबरठ्यापाशी थांबे. विहिरीचे पाणी, माडाच्या झावळ्या, लग्नाचा मांडव, आजारपणातली उसनवारी यांना कागद नव्हता, पण हिशेब होता. देवळाच्या कळसाहून घर उंच नेऊ नये असा संकेतही अनेक गावांत सांगितला जातो. कोणी तो धर्म म्हणून पाळला, कोणी लोकलज्जेने, आणि चिऱ्याच्या भिंतींवर फार उंच जाणे जिकिरीचेच होते म्हणूनही तो पुष्कळदा आपोआप पाळला गेला. १९६१ नंतर सिमेंट-काँक्रीट स्वस्त झाले आणि ती अडचण संपली. जे बंधन साहित्याने घातले होते ते आता केवळ विवेकाने घालावयाचे राहिले.

महाराष्ट्राबाहेरील आमच्या इतर वाचकांस याची प्रतिरूपे आपापल्या शहरांत सापडतील. इंदुरास होळकरांच्या राजवाड्याचे काम १७४७ साली सुरू झाले. तळचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी असा तो सात मजली वाडा १९८४ च्या आगीत होरपळला, पण त्याच्यापुढील चौक इंदूरकरांचाच राहिला. बडोद्यात भाऊ तांबेकर या दिवाणांचा वाडा भिंतीवरील चित्रांसाठी जतन करण्यात आला आहे. तो जुन्या शहराच्या कुशीत, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून उभा आहे. याउलट महाराज सयाजीरावांचा लक्ष्मीविलास, जो १८९० साली पुरा झाला, तो जुन्या वस्तीपासून दूर, स्वतःच्या विस्तीर्ण बागेत बांधला गेला. वस्तीत बांधावयाचे तर वस्तीसारखे, आणि वेगळे राहावयाचे तर वेगळ्या जागी, ही दोन्ही धोरणे एकाच शहरात पाहावयास मिळतात. दोन्हींत एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे.

चित्राची दुसरी बाजू

येथवरचे विवेचन वाचून कोणास असे वाटेल की आम्ही गतकाळाचे केवळ गोडवे गात आहोत. तसे नाही. थोरल्या घराच्या आवाराच्या कोपऱ्यात मुंडकाराचे खोप होते. ती जागा त्याची नव्हती. भाटकाराच्या मर्जीवर त्याचे छप्पर होते, आणि त्या मर्जीचे मोल तो राबून फेडी. राजांगणात पंगत बसे तेव्हा तो तिच्या कितीतरी बाहेर असे. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा यांनी ही स्थिती पालटण्यास आरंभ केला. मुंडकाराच्या मुलाने, नातवाने, कोणी बोटीवर जाऊन, कोणी आखातात जाऊन, कोणी सरकारी नोकरीत शिरून, खोपाच्या जागी पक्के घर बांधले, आणि वर माडीही चढविली. तेही जुन्या वस्तीतील नवे मोठे घरच होते. ‘वाड्याची कळा गेली’ असे तेव्हाही काही जण म्हणाले. परंतु तो कळा जाण्याचा प्रकार नव्हता, न्याय होण्याचा होता. म्हणून नव्या घराला केवळ नवे व मोठे म्हणून दोष देणाऱ्याने आधी हे पाहावे की, आपला आक्षेप घराला आहे की ते बांधणाऱ्याच्या पायरीला.

दुसरे असे की, जुनी घरे पडली ती काही कोणी बाहेरून येऊन पाडली म्हणून नव्हे. गोव्यात १८७० पासून पोर्तुगीज दिवाणी कायदा लागू झाला; १८८० च्या फर्मानाने हिंदूंच्या काही चालीरीती राखल्या, तरी वारसा मुलामुलींना समान वाटणीने जावा हे तत्त्व रुजले. ते तत्त्व न्याय्यच होते, आणि आमच्या भगिनींना इतर प्रांतांतील स्त्रियांच्या कितीतरी आधी हक्क मिळाला तो त्यामुळेच. पण एका राजांगणाचे डझनावारी वारस झाले, त्यांतले निम्मे मुंबई-पुण्यास, काही परदेशी. कौल फुटले तर ते बसवावयाचे कोणी, हे ठरेना. दोन पावसाळ्यांत वासा कुजतो, चौथ्या पावसाळ्यात भिंत फुगते. मग एके दिवशी सर्व वारस एका गोष्टीवर एकमत होतात, आणि ती गोष्ट म्हणजे विक्री. घेणारा परका असतो, परंतु विकणारे आपलेच असतात. हे ध्यानात न घेता केलेली तक्रार अर्धीच ठरते.

आज निराळे काय आहे

मग आजच्या घरांत निराळे असे काय आहे? आमच्या मते तीन गोष्टी आहेत.

पहिली, मालकाची अनुपस्थिती. पूर्वी मोठे घर बांधणारा त्यात राहावयास येई. राहावयास आला की त्याला शेजार लागे, आणि शेजार लागला की तो वस्तीचा होई. आज बांधली जाणारी पुष्कळ घरे सुटीसाठी किंवा भाड्यासाठी असतात. वर्षातील बहुतेक दिवस कुलूप, आणि उरलेल्या दिवसांत रोज नवे पाहुणे. देवळातून दिव्याच्या तेलासाठी वर्गणी मागावयास जावे तर दारात रखवालदार. त्या बिचाऱ्याचे घर झारखंडात नाही तर ओडिशात. देणारा नाही असे नाही, पण बोलणाराच नाही.

दुसरी, कुंपण. जुन्या वाड्यात आवारांमधून पायवाटा होत्या. त्या कोणाच्या मालकीच्या होत्या हे कोणी विचारीत नसे, कारण त्या साऱ्यांच्या होत्या. विहिरीस जाणारी, तळ्यास जाणारी, पालखीची, प्रेत नेण्याची अशा सर्व वाटा या प्रकारच्या. नवी भिंत पुरुषभर उंच उठते तेव्हा ती कायद्याने बहुधा स्वतःच्या हद्दीतच असते, परंतु तिच्याखाली एक वाट गाडली जाते. पालखीला वळसा घ्यावा लागला हे बाहेरच्याला किरकोळ वाटेल. ज्याच्या दारावरून ती शंभर वर्षे गेली आणि यंदा गेली नाही, त्याला ते किरकोळ वाटत नाही.

तिसरी, निर्णय करणाऱ्याचे अंतर. पूर्वी पडीक जमीन घरासाठी द्यावयाची की नाही हे गावकरी ठरवी. वार्षिक खंड ठरवून जमीन देण्याचा तिचा अधिकार पोर्तुगीज काळातही राहिला, आणि १९६१ च्या संहितेतही तो नमूद आहे. गावकरीचा कारभार निर्दोष नव्हता. त्यात मूठभर कुळांचाच शब्द चाले. पण ठरविणाऱ्याला जागा माहीत होती. पुढे तो अधिकार आराखड्यांकडे गेला. गोव्याचा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ लोकांच्या चळवळीमुळे २००७ च्या जानेवारीत मागे घ्यावा लागला. त्यानंतरचा ‘२०२१’ चा आराखडा २०११ साली आला. २०२३ साली नगरनियोजन कायद्यात जे १७ (२) कलम घालण्यात आले त्याखालील नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरविले. जुन्या गोव्याच्या संरक्षित परिसरात उभ्या राहत असलेल्या एका बंगल्याविरुद्ध २०२१ साली लोकांनी आंदोलन केले. हजारो मोठी घरे जेथे मातीला मिळाली त्याच भूमीवर एका घरासाठी एवढा कलह व्हावा यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. तेथे निदान जागतिक वारशाचे नाव होते, आणि स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई करणारा केंद्रीय कायदा होता. अंत्रुजातल्या एखाद्या देऊळवाड्याला असे कोणते कवच आहे? पणजीच्या फोंतेन्हासला जतनक्षेत्र म्हणून संरक्षण लाभले, हे योग्यच झाले. वास्तविक तो भागही मोझांबिकात द्रव्य मिळवून आलेल्या एका गोमंतकीयाच्या माडांच्या बागेत वसलेला, म्हणजे एके काळी नवाच. काळ लोटला म्हणजे नवेही जपण्याजोगे होते. पण मधल्या काळात त्याला वस्तीचे होऊन राहावे लागते.

काय करता येईल

केवळ खेद व्यक्त करून थांबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. देवस्थानांचे महाजन आणि वाड्यांतील मंडळी यांना काही गोष्टी आजही करता येतील, आणि त्यांस फार द्रव्य लागत नाही.

पालखीच्या वाटा, तळ्याच्या व विहिरीच्या वाटा, मांड, वृंदावने आणि मूळपुरुषाची स्थाने यांची यादी नकाशासह करावी. महाजनांच्या कारभाराला १८८६ पासून आणि पुढे १९३३ च्या नियमावलीने लेखी शिस्त लाभलेली आहे. वह्या ठेवण्याची सवय आम्हांस नवी नाही. मग त्या वह्यांत जमाखर्चाप्रमाणे वाटाही का असू नयेत? एक-चौदाच्या उताऱ्यात जी वाट नोंदलेली नाही ती आजच्या व्यवहारात नाहीच असे धरले जाते. म्हणून वृद्ध मंडळी आहेत तोवर त्यांच्या सांगण्यावरून ती पंचायतीकडे लेखी कळवून ठेवावी. जमीन विकली गेल्यावर अर्ज करण्यात काही अर्थ नसतो.

थोरली घरे विकण्यावाचून गत्यंतर नसेल तर वारसांनी विक्रीखतात वाटेचा आणि विहिरीचा हक्क स्पष्ट राखून ठेवावा. हे करण्यास फक्त एका परिच्छेदाची आणि थोड्या धीराची गरज असते. तत्पूर्वी आपल्याच घराण्यातील कोणी ते घर घेऊ शकेल काय, किंवा देवस्थानास अग्रशाळेसाठी त्याचा उपयोग होईल काय, एवढे तरी विचारून पाहावे.

आणि नव्या घराच्या मालकास, तो दिल्लीचा असो की लंडनचा, वाड्याने आधी बोलवावे. जत्रेची पत्रिका त्याच्या दारी जावी. पालखी येथून जाते हे त्याला भिंत बांधण्यापूर्वी सांगितले तर कित्येकदा भिंत चार हात मागे सरते. नंतर सांगितले तर वकील पुढे येतो. आमच्या देवळांनी सांतेरीचा मान राखून गावात पाय ठेवला, हे खरे. पण त्या वेळच्या गावानेही नदीपलीकडून रात्री आलेल्या देवाला जागा दिली, हेही तितकेच खरे. पाहुण्याने रीत पाळावयाची असते, आणि ती रीत कोणती हे सांगण्याचे काम यजमानाचे असते. त्या कामात आपण मागे राहता कामा नये.

येत्या कार्तिकात वाड्यावाड्यांतून तुळशीची लग्ने लागतील. त्या वेळी ज्या घरांना कुलूप आहे त्यांची आणि ज्या वाटा बुजल्या आहेत त्यांची एक साधी टिपणी प्रत्येक वाड्याने करून आपल्या देवस्थानाकडे द्यावी, एवढी आमची वाचकांस विनंती आहे. पुढचे बोलणे त्या टिपणीवरून करता येईल.